शाळा सुटते, शिकणे सुटते का? शिक्षणाच्या अर्थाविषयी थोडे बोलूया

पंचगंगाकाठ
१२ जुलै, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत ३१ वर्षे शिकवून मी दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि आता नवभारत साक्षरता कार्यक्रमाची स्वयंसेवक म्हणून कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या एका देवळाच्या ओवरीत प्रौढ बायकांचा वर्ग घेते. वर्गात एक आजी येतात. वय ६३, कपिलतीर्थ मंडईत भाजी विकतात. सव्वादोन किलो वांग्यांचे साठच्या दराने किती झाले, हे मी मनात मांडेपर्यंत आजींनी सुटे पैसे मोजून पुढे केलेले असतात. व्यवहारात त्यांचे कधी काही अडलेले नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारले, की आजी, या वयात तुम्हांला अक्षरे आणि आकडे कशाला हवेत?

त्या म्हणाल्या, "पाणी किती फुटावर आलंय ते दरसाली पोराला इचारायला लागतंय. पोरगं कामावर असतंय. घरातनं कवा उठायचं, ते माझं मला कळाय पायजे."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते. ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते आणि आजींच्या घरात ते छताला टेकले होते. गेल्या सोमवारी वर्गात त्यांनी नातवाचा मोबाईल आणला, त्यावर आलेल्या संदेशातल्या आकड्याखाली बोट धरले, आधी "तीन", मग "नऊ" असे म्हटले, थोडा वेळ ओठ नुसते हलवले आणि मग "एकोणचाळीस" असे मोठ्याने वाचले. बाकीच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजींनी मात्र मोबाईल पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "म्हंजे आता डबं माळ्यावर चढवाय पायजेत." वर्ग संपायच्या आधीच त्या उठून गेल्या, आणि माझ्या उभ्या नोकरीत वर्गातून असे उठून गेलेल्या विद्यार्थ्याचा मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

त्याच आठवड्यात आमच्या नात्यातल्या एका मुलाकडे पेढे खायला गेले होते. दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळाले, मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे. दाराशी त्याच्या वह्या-पुस्तकांचा गठ्ठा रद्दीसाठी बांधून ठेवलेला होता. विज्ञानात तुला सगळ्यांत काय आवडले, असे मी सहज विचारले, तेव्हा तो गोंधळला आणि म्हणाला, "मावशी, ते तर आता संपलं ना." मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला असे उत्तर देता यावे, हे आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला शिकवले आहे.

'शिक्षण' हा शब्द 'शिक्ष्' या धातूपासून आला, आणि व्याकरणकार शिक्ष् हे 'शक्' या धातूचे इच्छार्थक रूप मानतात. शक् म्हणजे समर्थ असणे, जमणे. म्हणून शिक्षणाच्या मुळाशी अर्थ आहे तो 'आपल्याला जमावे अशी इच्छा'. माहितीचा किंवा परीक्षेचा त्या मुळात मागमूसही नाही. आजी ही इच्छा तेवढी घेऊन आल्या होत्या, बाकी त्यांच्याजवळ काही नव्हते. त्या मुलाला आम्ही बाकी सगळे दिले आणि इच्छा तेवढी वाटेत कुठेतरी सांडली.

शिक्षणाचा हेतू हाच असेल, तर इतकी वर्षे फळ्यापुढे उभे राहून मी नेमके काय केले, हा प्रश्न मला झोपू देत नाही. ही इच्छा कधी विझते आणि चाळिशीत, साठीत ती पुन्हा कशाने पेटते, याविषयी आपण आपापल्या अनुभवातून लिहावे, अशी विनंती आहे.

उद्यमनगरकर
१२ जुलै, रात्री ११.०२

ताई, तुमचा लेख दोनदा वाचला. मी शिक्षक नाही, टर्नर आहे. आयटीआय करून शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये लागलो आणि वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत साध्या लेथवर, म्हणजे धातू फिरवत कातायच्या यंत्रावर, काम केले. लेथ मला आयटीआयने जेवढा शिकवला, त्याहून अधिक आमच्या मिस्त्रींनी शिकवला. ते सातवीपर्यंत शिकलेले होते, पण टूलला धार कशी लावावी, बीडाची चीप कशी भुकटी होऊन पडते आणि स्टीलची कशी वळ्या घेत सुटते, वळीचा रंग निळा व्हायला लागला की टूलवर काय बेतले आहे, हे ते बोलून कमी आणि माझा हात धरून जास्त सांगत.

मग आमच्याकडे सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणारे मशीन आले आणि मालकांनी मला त्यावर घ्यायचे ठरवले. हाताने फिरवायची चाके गेली, त्यांच्या जागी बटणे आणि पडदा आला. पहिल्या महिन्यातली एक गोष्ट सांगतो. मला टूल ५० मिलिमीटर व्यासापाशी आणायचे होते. मी 'एक्स ५०' असे टाकले आणि पुढे टिंब द्यायचे राहिले. आमच्या मशीनचा कंट्रोल बिनटिंबाच्या आकड्याला मायक्रॉन समजतो. म्हणजे मी म्हणालो पन्नास मिलिमीटर आणि मशीनला ऐकू गेले मिलिमीटरचा विसावा भाग. टूल पूर्ण वेगाने सरळ जॉबमध्ये घुसले, इन्सर्टचे, म्हणजे टूलच्या टोकाच्या पात्याचे, तुकडे उडाले आणि शेडमधली सगळी माणसे माझ्याकडे बघायला लागली.

त्या रात्री घरी गेल्यावर मी मुलीचे गणिताचे पुस्तक काढले आणि दशांश अपूर्णांकाचे प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचले. शाळेत मी हे प्रकरण शिकलो होतो, त्यावरची उदाहरणे सोडवून गुणही मिळवले होते. परंतु त्या टिंबाच्या एका बाजूला पन्नास मिलिमीटर असतात आणि दुसऱ्या बाजूला मोडलेले टूल असते, हे मला तेव्हा कोणी दाखवले नव्हते आणि कदाचित दाखवताही आले नसते. मुलगी शेजारी बसून मला समजावत होती. तिच्याकडून शिकताना मला कमीपणा वाटला नाही, कारण ती मला मोठ्या माणसासारखी नव्हे, तर वर्गातल्या मित्रासारखी वागवत होती.

एक निरीक्षण आवर्जून नोंदवतो. आमच्या बरोबरीच्या ज्या कारागिरांना 'असे का' हे विचारायची सवय होती, ते नव्या मशीनवर टिकले. ज्यांना फक्त 'असे करायचे' एवढेच ठाऊक होते, त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला असूनही ते मागे पडले. म्हणून शाळेत असो वा शेडमध्ये, जो 'का' विचारू देतो तो खरा शिकवणारा, असे माझे मत झाले आहे.

राधानगरीहून
१३ जुलै, सकाळी ७.४०

दोन्ही लेखन मनापासून आवडले, तरीही मला वेगळे काही म्हणायचे आहे आणि ते थोडे कडवट वाटले तर क्षमा असावी.

मी राधानगरी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा. चार वर्षे कोल्हापुरात खोली घेऊन राहतो आणि अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. आमच्या अभ्यासिकेत एका टेबलाला एक दिवा आणि एक खुर्ची असते, सकाळी सहाला जागा धरावी लागते आणि रात्री दहाला सगळे मुकाट्याने डबे आवरून निघतात. इथे कोणी ज्ञानाच्या ओढीने आलेले नाही. घरी दीड एकर ऊस आहे, बहिणीचे लग्न व्हायचे आहे आणि जाहिरात निघायची वाट पाहत वय चालले आहे. मी ज्या शिकवणीला फी भरली, तिथे पहिल्याच दिवशी सांगण्यात आले, की जे परीक्षेत येत नाही ते वाचायचे नाही. मला तेव्हा ते वाईट वाटले नाही. उलट कोणीतरी खरे बोलले, असे वाटले.

'शिक्षण म्हणजे समर्थ होण्याची इच्छा' हे ऐकायला सुंदर आहे, परंतु ज्याच्या पोटाची सोय झालेली आहे त्यालाच ते परवडते. शाहू महाराजांनी वसतिगृहे काढली ती बहुजनांची मुले नुसती विचारवंत व्हावीत म्हणून नव्हे, तर ती दरबारच्या नोकऱ्यांत बसावीत म्हणूनही काढली. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या गेल्या, तेव्हा शिक्षण आणि नोकरी यांची गाठ महाराजांनी स्वतःच्या हाताने बांधली होती. म्हणून नोकरीसाठी शिकणाऱ्याला कोणी हिणवू नये, एवढेच म्हणणे आहे.

जुनी दप्तरे
१३ जुलै, दुपारी १.२५

राधानगरीच्या मित्राचा मुद्दा इतिहासाच्या दृष्टीने बरोबर आहे आणि त्याने तो वेळेवर मांडला, याबद्दल त्याचे आभार मानतो. शिक्षणावर बोलताना आपण भाकरीचा उल्लेख टाळतो आणि मग चर्चा हवेत जाते. मात्र गाठ बांधली म्हणजे दोन्ही गोष्टी एकच झाल्या, असे नव्हे. महाराजांनी प्रत्यक्षात काय काय उभे केले, हे पाहिले तर चित्र अधिक रुंद दिसते.

१९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि त्यानंतर जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची अशी एकामागून एक वसतिगृहे या शहरात निघाली. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यामुळे. खेड्यातल्या मुलाला शाळेत नाव घालण्याची मुभा पूर्वीही कागदावर होती. त्याची अडचण शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे काय, ही होती. ती अडचण महाराजांनी ओळखली. पुढे १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्यात आले आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देणारा देशाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, हे लक्षात घेतले, म्हणजे एका लहानशा संस्थानाने घेतलेल्या त्या निर्णयाचे वजन कळते. प्राथमिक शाळेत जाणाऱ्या त्या प्रत्येक मुलाला काही दरबारात जागा मिळणार नव्हती. तरीही सर्वांना शिकवायचे ठरले, याचा अर्थ नोकरीच्या पलीकडचे काहीतरी महाराजांच्या मनात होते.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे, जन्म १८८७ चा. ते कोल्हापुरात शिकायला आले आणि जैन बोर्डिंगात राहिले. ते मॅट्रिक झाले नाहीत. नांगर विकत गावोगाव फिरताना त्यांनी शेतकऱ्यांची घरे आतून पाहिली आणि १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. कोल्हापूरची बहुतेक वसतिगृहे जातवार होती, ती त्या काळाची गरज आणि मर्यादा दोन्ही होती. भाऊरावांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंक्तीला बसवली, त्यांच्याकडून स्वयंपाक, झाडलोट, शेती करून घेतली आणि 'कमवा आणि शिका' ही रीत रुजवली. त्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव दिले गेले. एका माणसाने दुसऱ्याच्या कामातून शिकावे, त्यातली उणीव ओळखावी आणि तरीही त्याचे नाव आदराने पुढे न्यावे, याला मी शिक्षण म्हणतो. परीक्षेच्या भाषेत भाऊराव अपुरे शिकलेले होते.

असेच दुसरे उदाहरण चित्रपटकार बाबूराव पेंटरांचे. शालेय शिक्षण जेमतेम, चित्रकलेच्या शाळेत पाऊल नाही, घरात कारागिरी. चलचित्र कसे घेतात हे कोणी शिकवणारे नव्हते, तेव्हा दामल्यांसारख्या सहकाऱ्याला हाताशी धरून त्यांनी कॅमेरा स्वतः घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' हा चित्रपट लोकांपुढे आणला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम ही मंडळी पडेल ते काम करीत तयार झाली. तिथे पदवी मिळत नव्हती.

आणि शेवटी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे, म्हणजे देशाच्या शिक्षण आयोगाचे, ते सदस्य-सचिव होते आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. समता, गुणवत्ता आणि संख्या हे तीन कोन आपल्याकडे एका वेळी हाती येत नाहीत, हे दुखणे त्यांनी आयुष्यभर मांडले. राधानगरीच्या मित्राच्या अभ्यासिकेत संख्या आली आहे, समताही काही अंशी आली आहे; गुणवत्तेचा कोन निसटला, आणि त्याची किंमत तो मुलगा रोज सकाळी सहाला जागा धरून मोजतो आहे. यात त्याचा दोष कणभरही नाही.

लाल माती
१३ जुलै, सायंकाळी ६.५०

थोडेसे शब्दावरून. ताईंनी 'शिक्षण' शब्दाचे मूळ सांगितले, मला 'तालीम' आठवली. मूळ अरबी शब्दाचा अर्थच शिक्षण असा आहे. १९३७ मध्ये वर्ध्याला जी शिक्षणपद्धती मांडली गेली, तिला 'नई तालीम' म्हटले ते याच अर्थाने. आपल्या कोल्हापुरात मात्र तालीम म्हटले की पेठेतली कुस्तीची जागा डोळ्यापुढे येते. मला वाटते, या शहराने शब्दाचा अर्थ बिघडवला नाही, त्याला माती लावली.

मी लहानपणी सात वर्षे तालमीत गेलो. पहाटे उठून हौदातली माती खोऱ्याने उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळलेले असे, तो वास अजून नाकात आहे. मग जोर, बैठका आणि त्यानंतर लढत. वस्ताद कडेला बसून असत. एकेरी पट काढताना, म्हणजे समोरच्याचा एक पाय धरून ओढताना, माझे डोके खाली जाते, हे त्यांनी मला तोंडाने कधी सांगितले नाही. माझ्याहून उंच मुलाशी मला रोज लावून दिले, आणि महिन्याभरात रोज पडून पडून ते माझे मलाच कळले. आजी जे म्हणाल्या, 'माझं मला कळाय पायजे', ते मला फार जवळचे वाटले.

एक उणी बाजूही मांडतो. तालमीत 'का' विचारायची पद्धत नव्हती आणि आमच्या बहिणींना आत पाऊल टाकता येत नव्हते. आता मुली कुस्ती खेळतात, हे पाहून बरे वाटते. जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना ती कोणासाठी बंद होती, हे विसरू नये.

पंचगंगाकाठ
१३ जुलै, रात्री १०.३०

सर्वांचे लेखन वाचून मी दिवसभर विचार करते आहे. राधानगरीच्या मुला, तुला मी लेकराच्या नात्याने लिहिते. तुझ्या बोलण्यात कडवटपणा नाही, त्यात खरेपणा आहे आणि त्यामुळे माझे एक मत बदलले.

इच्छा ही माणसाच्या आत असते किंवा नसते, अशा रीतीने मी पहिले टिपण लिहिले होते. ते अपुरे होते. माझ्या वर्गाच्या पटावर १८ नावे आहेत आणि एखाद्या दिवशी सहाच बायका येतात. पहिले दोन महिने मी मनातल्या मनात त्यांना दोष दिला. मग एकेकीच्या घरी गेले. एक धुण्याभांड्याची सहा घरे करते आणि तिची दुपारची झोप ही दिवसातली एकच विश्रांती आहे. एकीचा नवरा म्हणतो, आता काय कलेक्टर व्हायचंय का. आणि एक जण, जी सगळ्यांत हुशार आहे, ती येत नव्हती कारण तिची सून पदवीधर आहे आणि तिच्यासमोर पाटीवर 'अ' गिरवायची तिला लाज वाटत होती. इच्छा तिघींनाही होती. वेळ, घरच्यांचा होकार आणि कोणी हसणार नाही याची खात्री, यांपैकी एकेक गोष्ट एकेकीकडे नव्हती.

म्हणून आता मला असे वाटते, की आयुष्यभर शिकणे हा एकट्या माणसाचा सद्गुण मानून आपण मोठी चूक करतो. शाहू महाराजांच्या वसतिगृहाने मुलाला छप्पर, जेवण आणि सोबत दिली. वस्तादांनी मातीचा हौद आणि पडण्याची मुभा दिली. उद्यमनगरकरांच्या मालकांनी टूल मोडल्यावरही त्यांना मशीनवर ठेवले असणार, नाहीतर ते आज इथे हे लिहीत नसते. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी जागा करून दिली आहे. शिकणाऱ्याला चुकायला परवानगी असलेली जागा लागते, आणि माणूस मोठा होत जातो तशी ती जागा कमी कमी होत जाते. सहा वर्षांच्या मुलाचा 'अ' वाकडा आला तर आपण कौतुक करतो. साठ वर्षांच्या बाईचा वाकडा आला तर पाहणारा हसतो.

आपल्या शहरात अशा जागा पूर्वीपासून आहेत, याचा मला अभिमान वाटतो. करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय १८५० पासून उभे आहे. शिवाजी विद्यापीठ निघायला त्यानंतर ११२ वर्षे लागली. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ निघाले आणि शाळा अर्धवट सुटलेल्या कितीतरी गृहिणींनी, कामगारांनी तिथून पदवी घेतली. माझ्या स्वतःच्या धाकट्या नणंदेने तीन मुले सांभाळून ती घेतली, आणि निकालाच्या दिवशी तिने गुणपत्रिका आधी देव्हाऱ्यात ठेवली, मग आम्हांला दाखवली. १९९६ मध्ये युनेस्कोसाठी जाक दलोर यांच्या आयोगाने जो अहवाल दिला, त्यात शिक्षणाचे चार आधारस्तंभ सांगितले आहेत: जाणून घ्यायला शिकणे, करायला शिकणे, एकत्र राहायला शिकणे आणि माणूस म्हणून घडायला शिकणे. नोकरीत असताना प्रशिक्षणात हे चार मुद्दे मी वहीत उतरवून घेतले होते आणि परीक्षेपुरते पाठही केले होते. त्यांतला तिसरा मला कळला तो ओवरीत, जेव्हा त्या लाजणाऱ्या बाईंच्या शेजारी आजी जाऊन बसल्या आणि आपला वाकडा 'अ' त्यांच्या पाटीशेजारी ठेवला.

माझ्या नोकरीविषयीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मी चांगली शिक्षिका होते, असे लोक म्हणतात. पण वर्गात चूक करणाऱ्या मुलाला मी किती वेळा 'बस खाली' म्हटले असेल, ते मोजवत नाही. ज्या मुलाला चौथीत 'बस खाली' ऐकावे लागले, तो चाळिसाव्या वर्षी नव्या मशीनपुढे उभा राहताना ते ऐकत असेल का, असा विचार मनात येतो.

राधानगरीहून
१४ जुलै, सकाळी ६.१०

काकू, तुम्ही लेकरू म्हणालात, म्हणून मीही नात्यानेच लिहितो. अभ्यासिकेत जागा धरून हे टंकतो आहे.

काल रात्री वडिलांना फोन केला होता आणि तुमच्या या चर्चेबद्दल त्यांना सांगितले. ते हसले नाहीत. त्यांनी पाचटाची आठवण काढली. आमच्याकडे ऊस तुटून गेला की फडातले पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवून द्यायची रीत होती. आजोबांनी पेटवले, वडिलांनी तीस वर्षे पेटवले. मग साखर कारखान्याच्या शेतकरी मेळाव्यात कोणीतरी सांगितले, की पाचट न जाळता सरीत दाबा, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाका, खोडव्याला, म्हणजे तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, पाणी कमी लागेल आणि जमीन सुधारेल. वडील ५६ वर्षांचे होते. त्यांनी आधी एकच सरी करून पाहिली, बाकीचे नेहमीसारखे पेटवले. शेजारच्या बांधावरचे लोक विचारू लागले, की काय झालंय, काडेपेटी संपली का. पुढच्या वर्षी त्या एका सरीत त्यांनी मूठभर माती हातात घेतली, तर ती भुसभुशीत लागली आणि तिच्यात गांडुळे होती. मग सगळे रान तसेच केले. काल फोनवर ते म्हणाले, "नवीन शिकाय अवघड न्हाई गेलं, बाबा पेटवायचा ते चूक हुतं असं म्हनाय अवघड गेलं."

मी हे आजवर शिक्षण या शब्दाखाली कधी धरले नव्हते. माझी परीक्षा आहे आणि मी ती देणारच आहे; नोकरी हवी आहे आणि ती हवीच आहे, यात बदल नाही. पण चार वर्षांत मी इतिहासाच्या सनावळ्या पाठ केल्या आणि १९१७ च्या कायद्यात एक रुपया दंड का ठेवला असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. काल रात्री तो पडला. ज्या शेतकऱ्याला पोराच्या कामाची गरज होती, त्याला एक रुपया किती मोठा वाटला असेल, आणि आमच्या पणजोबांनी तो भरला असेल की मुलाला शाळेत पाठवले असेल? वडिलांना विचारले, तर त्यांनाही माहीत नाही. गावी गेल्यावर आत्याला विचारणार आहे, ती घरातली सगळ्यांत जुनी.

पंचगंगाकाठ
१४ जुलै, सायंकाळी ५.४५

आत्याबाई काय म्हणाल्या ते इथे नक्की लिही.

आजचा वर्ग आत्ताच सुटला. आजी आल्या होत्या, घरातले डबे माळ्यावर चढले आहेत. आज त्यांनी नवा प्रश्न आणला. संदेशात नुसते ३९ नसते, त्यापुढे वर एक बारीक रेघ असते, मग आणखी दोन आकडे आणि त्यांवर दोन बारीक रेघा असतात. "ह्या रेघोट्या कशाच्या?" असे त्यांनी विचारले. एक रेघ फुटाची, दोन रेघा इंचाच्या, असे मी सांगितले. मग इंच केवढा असतो, हे त्यांना बघायचे होते, आणि माझ्याजवळ दाखवायला काही नव्हते. मी बोटाच्या पेराने दाखवले, तर त्या म्हणाल्या, की तुमचं पेर आणि माझं पेर कुठं सारखं आहे.

उद्यमनगरकर
१४ जुलै, रात्री ८.२०

ताई, गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी असते. दुपारी तीनला वर्ग असेल, तर मी टेप आणि पोलादी फूटपट्टी घेऊन येतो. ओवरीच्या खांबावर आजींच्या हातानेच खडूने एकेक फुटाच्या खुणा करू, आणि एका फुटात बारा इंच पाडू. मुलीलाही बरोबर आणतो, ती माझ्यापेक्षा चांगले समजावते.